भाजीच्या मळ्यातील चोर आधी ओळखा, मग कुंपण घाला
(तळोजा परिसरातील लहान भाजीपाला उत्पादकांसाठी)

पनवेल तालुक्यात तळोजा आणि शेजारच्या नावडे, वलप, घोट, तोंडरे, पडघे या गावांत खरिपातील भाताची कापणी झाली की जमिनीतील ओलाव्यावर वाल केला जातो. जेथे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आहे, तेथे वांगी, मिरची, मुळा, माठ, मेथी, काकडी, दुधी, शिराळी अशी भाजी होते. मळे लहान, बहुतेक पाच ते वीस गुंठ्यांचे. मात्र पनवेल, खारघर, कळंबोली यांसारख्या बाजारपेठा हाकेच्या अंतरावर असल्याने ताज्या भाजीला गिऱ्हाईक लगेच मिळते. अशा मळ्यात दोन रात्रींत काकडीचे वेल उपटले गेले तर त्या हंगामाचे बी-बियाणे, खत आणि मजुरी सारेच वाया जाते. मोठ्या बागायतदाराला सोसेल असे नुकसान दहा गुंठेवाल्याला सोसत नाही.

या भागात वन्य प्राण्यांचा उपद्रव का जाणवतो हे समजून घ्यावे. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. पुढे नवी मुंबईची वसाहत, तळोज्याची औद्योगिक वसाहत, रस्ते आणि रेल्वे यांसाठी मोठ्या प्रमाणावर जमिनी संपादित झाल्या. पूर्वेला माथेरानचा डोंगर, ईशान्येला मलंगगडाची रांग, पश्चिमेला खारघरची टेकडी आणि खाडीकाठची खारफुटी यांत आजही प्राणी राहतात. परंतु त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा अरुंद झाल्या आहेत. मोकळ्या भूखंडांवर माजलेले गवत व झुडपे दिवसा लपायला उपयोगी पडतात, तर उघड्यावर टाकलेला कचरा खायला मिळतो. या दोन्हींच्या मध्ये हिरवा मळा असला की प्राणी तेथे येणारच.

आधी ओळख, मग खर्च

पिकाचे नुकसान दिसले की बहुतेक शेतकरी रानडुकराला दोष देतात आणि काटेरी तार आणतात. पुढे कळते की चोर घूस होती आणि ती तारेखालून बिनधास्त येत होती. प्रत्येक प्राण्याची येण्याची वेळ, वाट आणि खाण्याची रीत वेगळी असते. म्हणून उपायही वेगळा असतो. मळ्यात पुढील खुणा पाहाव्यात.

१) रानडुक्कर : जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असते. रताळी, कंद व भुईमूग उपसलेले आणि वेल तुडवलेले आढळतात. दुभंगलेल्या खुराच्या ठशामागे दोन लहान नख्यांचे ठसे मऊ मातीत उमटतात. येण्याची वेळ रात्रीची असते व प्राणी बहुधा कळपाने येतात.

२) साळिंदर : सुरण, रताळी यांसारखे कंद उकरून खाल्लेले असतात. झाडाच्या बुंध्याची साल कुरतडलेली असून तीवर रुंद दातांच्या जोड खुणा दिसतात. कधी काटा गळून पडलेला सापडतो.

३) ससा : कोवळी रोपे चाकूने तिरपी छाटल्यासारखी कापलेली असतात. जवळ गोल, कोरड्या लेंड्या पडलेल्या असतात.

४) उंदीर व घूस : बांधात बिळे आणि बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो. जमिनीलगतची फळे कुरतडलेली व शेंगा बिळाकडे ओढून नेलेल्या असतात.

५) माकड व वानर : फळे अर्धवट खाऊन फेकलेली, शेंडे मोडलेले आणि मांडव हलवलेला दिसतो. नुकसान दिवसाउजेडी होते.

६) कोल्हा : कलिंगड किंवा खरबूज जागेवरच फोडून गर खाल्लेला असतो. बांधावर केस व बिया असलेली विष्ठा आढळते.

७) पक्षी : मिरची, टोमॅटो, वालाच्या शेंगा यांवर चोचीचे घाव दिसतात. राघू शेंग सोलून दाणा खातो, बुलबुल पिकलेल्या टोमॅटोला भोक पाडतो, तर मोर कोवळी रोपे टिपतो.

८) गोगलगाय : रोपांची पाने खाल्लेली असून सकाळी त्यांवर चकचकीत वाळलेली चिकट रेघ दिसते. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीचा उपद्रव पावसाळ्यात अधिक असतो. अनेकदा तिचे नुकसान सशाच्या नावावर जाते.

९) रोपे कुरतडणारी अळी : रोप जमिनीलगत कापून आडवे पडलेले असते. बुंध्याजवळची माती दोन बोटे उकरल्यास वेटोळे करून बसलेली अळी सापडते. येथे कुंपणाचा काहीही उपयोग नाही.

मागाची पट्टी

खुणांवरून खात्री पटत नसेल तर मळ्याभोवती दोन फूट रुंदीची पट्टी कुदळीने भुसभुशीत करून घ्यावी. बारीक माती किंवा वाळू पसरून ती संध्याकाळी फळीने सपाट करावी व सकाळी उन्हे वर येण्यापूर्वी पाहावी. कोणता प्राणी आला, कोठून आला, किती आले आणि कोठून गेले हे ठशांवरून कळते. सलग सात रात्री ही नोंद वहीत ठेवावी. मोबाईलने ठशाचे छायाचित्र घेताना शेजारी आगपेटी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. या कामाला पैसा लागत नाही आणि पुढचा खर्च योग्य जागी होतो.

येथे एक काळजी घ्यावी. तळोजा परिसरात कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर पाळीव व मोकाट डुकरे फिरतात. त्यांचे खूर रानडुकरासारखेच उमटतात. दिवसा वस्तीजवळ वावरणारी डुकरे आणि मोकाट गुरे हा वन विभागाचा विषय नाही. त्यासाठी पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत महानगरपालिकेकडे व हद्दीबाहेर ग्रामपंचायतीकडे तक्रार करावी. ही महानगरपालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये स्थापन झाली असून तळोजा परिसरातील अनेक गावे तिच्या हद्दीत आहेत.

मळ्याची स्वच्छता

कोणताही प्राणी असो, पुढील कामे प्रथम करावीत. बांधालगतचे गवत व झुडपे किमान दहा फुटांपर्यंत कापून जागा मोकळी ठेवावी. लपण्यास आडोसा नसेल तर ससा, घूस आणि डुक्कर उघड्यावर येण्यास कचरतात. सडकी फळे व काढणीनंतरचे वेल मळ्यात पडू देऊ नयेत, ती खोल खड्ड्यात पुरावीत. न कुजलेल्या शेणखतात हुमणीच्या अळ्या असतात व त्यांच्या वासाने डुकरे जमीन उकरतात. म्हणून पूर्ण कुजलेलेच खत वापरावे. पक्व फळे मळ्यात न ठेवता रोजच्या रोज तोडावीत. प्राण्याला पहिला घास मिळाला की तो पुन्हा त्याच वाटेने येतो, म्हणून संरक्षण फळ धरण्यापूर्वी उभे झाले पाहिजे.

रानडुकरासाठी उपाय

रानडुकराची नजर कमजोर, पण घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. त्यामुळे वासाचे व दिसणारे अडथळे काही दिवस काम करतात. जुन्या रंगीत साड्या मळ्याभोवती कंबरेइतक्या उंचीपर्यंत बांधणे, न्हाव्याच्या दुकानातील केस बांधावर पसरणे, कडेने एरंडाच्या दाट ओळी लावणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत. मात्र प्राण्याला त्यांची सवय होते. म्हणून एकच उपाय आठ-दहा दिवसांपेक्षा अधिक काळ न ठेवता आलटून पालटून वापरावा आणि पिकाच्या सर्वांत नाजूक पंधरवड्यासाठी राखून ठेवावा.

पूर्वी फोरेट या दाणेदार कीटकनाशकाच्या पुरचुंड्या बांधावर टांगण्याचा सल्ला दिला जात असे. आता तसे करू नये. अतिविषारी असल्याने फोरेटच्या विक्रीस व वापरास २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे.

कायमच्या संरक्षणासाठी जाळीचे कुंपण घालावे. डुक्कर कुंपण ओलांडण्यापेक्षा नाकाने खालून उचकटते. म्हणून जाळी उंच करण्याआधी तिची खालची कड सुमारे एक फूट जमिनीत पुरावी आणि खांब जवळजवळ रोवावेत. साळिंदर, ससा यांनाही हाच उपाय चालतो. सशासाठी खालच्या दोन फुटांत बारीक छिद्रांची जाळी लावावी.

सौर कुंपण हा दुसरा पर्याय आहे. यात बॅटरीवरील यंत्रातून सुमारे सेकंदाला एक, अतिशय अल्पकाळाचा झटका तारेत सोडला जातो. दाब जास्त असला तरी झटका क्षणभराचा असल्याने प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. डुकरासाठी जमिनीपासून साधारण २०, ४५ व ७५ सेंटिमीटर उंचीवर तारा ओढाव्यात. यंत्र भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे असल्याची खात्री करून घ्यावी. तारेला गवत टेकले की वीज जमिनीत उतरते व झटका कमी होतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचे गवत काढावे. दर वीस-पंचवीस पावलांवर धोक्याचा फलक लावावा.

घरगुती विजेचा प्रवाह तारेत कधीही सोडू नये

मोटारीच्या पेटीतून किंवा खांबावरून वीज घेऊन ती कुंपणाच्या तारेत सोडण्याचे प्रकार राज्यात घडतात. हा प्रवाह अखंड असतो. स्पर्श झालेला हात सुटत नाही आणि माणूस जागीच मरतो. रात्री पाणी द्यायला आलेला शेजारी, शौचास गेलेले मूल, तार लावणारा स्वतः शेतकरी असे कोणीही त्यात सापडू शकते. ओल्या भातखाचरात हा धोका अधिक असतो. अशा मृत्यूबद्दल भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा दाखल होतो, वीजचोरीबद्दल विद्युत कायदा २००३ खाली वेगळी कारवाई होते आणि वन्य प्राणी मेल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू होतो. काकडीच्या एका तोड्यासाठी ही किंमत मोजू नये. गावठी बॉम्ब पेरणे, फासे लावणे, आमिषात विष घालणे हेही बेकायदेशीर असून त्यात गुरे व कुत्री बळी पडतात. पाखरे व माकडे पळवण्यासाठी कार्बाईडच्या नळ्या वाजवू नयेत. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा नळ्यांमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

उंदीर व घूस

भात कापल्यावर खाचरातील उंदीर व घुशी जवळच्या वालाकडे व भाजीकडे वळतात. म्हणून एकट्याने आपल्या मळ्यात मोहीम काढून उपयोग नाही. लगतच्या सर्वांनी कापणीनंतर एकाच आठवड्यात ती घ्यावी. संध्याकाळी सर्व बिळांची तोंडे मातीने बंद करावीत. सकाळी जी उघडलेली दिसतील तीच वापरातील बिळे समजावीत.

वस्तीजवळच्या लहान मळ्यात प्रथम पिंजरे वापरावेत. पिंजऱ्यात भजी, सुके बोंबील किंवा खोबऱ्याचा तुकडा लावावा. बिळे फार असल्यास झिंक फॉस्फाईडचे आमिष वापरता येते. दोन-तीन दिवस बिनविषारी भरड ठेवून उंदरांना खाण्याची सवय लावावी. नंतर ९६ भाग धान्याची भरड, २ भाग खाद्यतेल व २ भाग झिंक फॉस्फाईड काठीने मिसळून सुमारे दहा ग्रॅमची कागदी पुडी प्रत्येक चालू बिळात खोल सरकवावी व तोंड बंद करावे. या विषावर उतारा नाही. हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे, मिश्रण मोकळ्या हवेत करावे, मुले व कुत्री दूर ठेवावीत. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून चिखलात काम करताना गमबूट घालावेत आणि पायाला जखम असल्यास पाण्यात उतरू नये.

धामण, घुबड आणि कोल्हा हे उंदरांचे नैसर्गिक शत्रू आहेत. खारफुटीकडून येणारा कोल्हा उन्हाळ्यात चार कलिंगडे फोडतो, पण वर्षभर उंदीरही खातो. कलिंगडाच्या वेळी फळांवर काटेरी फांद्या झाकाव्यात व कोल्ह्याला मारू नये. घुबडांना बसण्यासाठी मळ्यात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या उंच काठ्या रोवाव्यात.

माकडे व पक्षी

माकडे दिवसा, ठरलेल्या वाटेने आणि टोळीने येतात. सकाळी व दुपारनंतर मळ्यात माणूस व कुत्रा असणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पाच-सहा मळेवाल्यांनी राखणीच्या पाळ्या लावल्यास प्रत्येकाचा वार आठवड्यातून एक-दोनदाच येतो. रस्त्यावर किंवा देवळाजवळ माकडांना खायला घालणे गावाने बंद करावे. हाताने खाणारी टोळी माणसाला भीत नाही. जेथे टोळीचा वावर रोजचा आहे, तेथे बाहेरच्या ओळीत मिरची, कारली, हळद, आले अशी तुलनेने कमी खाल्ली जाणारी पिके घ्यावीत व काकडी, दुधी आतल्या बाजूस ठेवावीत.

पक्ष्यांसाठी जाळी हा खात्रीचा उपाय आहे. जाळी मांडवावर ताणून बांधावी. सैल जाळीत पक्षी व साप अडकून मरतात, म्हणून ती रोज सकाळी पाहावी. चकाकणाऱ्या फिती पीळ देऊन बांधल्यास वाऱ्याने आवाज व चमक निर्माण होते, पण त्यांचीही सवय लागते. म्हणून दाणा भरू लागल्यावरच त्या बांधाव्यात व काढणी होताच सोडाव्यात. रोपवाटिका मच्छरदाणीच्या कापडाने झाकल्यास मोर, खार आणि किडी यांपासून एकाच वेळी संरक्षण होते. मोर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याला इजा करणे हा गंभीर गुन्हा आहे.

कुंपण एकट्याने की मिळून?

लहान मळ्याला कुंपण महाग का पडते ते हिशेबाने पाहू. दहा गुंठ्यांच्या चौरस मळ्याचा घेर सुमारे १२७ मीटर होतो. एकमेकांना लागून असलेल्या अशा चार मळ्यांना स्वतंत्र कुंपण घातल्यास सुमारे ५०९ मीटर जाळी लागेल. चौघांनी मिळून चाळीस गुंठ्यांना एकच कुंपण घातल्यास घेर सुमारे २५५ मीटर येतो. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १२७ ऐवजी ६४ मीटर जाळी येते आणि खर्च निम्मा होतो. सौर यंत्रही चारऐवजी एकच पुरते. मात्र गवत कोणी काढायचे, बॅटरी कोणी पाहायची, दुरुस्तीची वर्गणी किती, हे आधीच कागदावर लिहून सह्या कराव्यात. सामाईक कुंपण बहुधा तारेपेक्षा देखभालीच्या वादाने मोडते.

नुकसान झाल्यास

रानडुक्कर, हरिण, रानगवा, नीलगाय, माकड व हत्ती यांनी केलेल्या पीक नुकसानीबद्दल राज्य शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते. उंदीर-घुशींचे नुकसान त्यात धरले जात नाही. घटनेपासून तीन दिवसांच्या आत जवळचे वनरक्षक, वनपाल किंवा वन परिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे अर्ज द्यावा. सोबत सातबारा उतारा व छायाचित्रे जोडावीत. वन, महसूल व कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांकडून पंचनामा होईपर्यंत उपटलेले वेल व ठसे तसेच ठेवावेत. येथे सात रात्रींची नोंदवही पुरावा म्हणून उपयोगी पडते. जमीन दुसऱ्याची कसत असल्यास मालकाशी झालेला करार लेखी असावा.

उपद्रवी रानडुकरांबाबत कायद्याच्या कलम ११ खाली अधिकृत वन अधिकारी परवानगी देऊ शकतात. लेखी परवानगीविना स्वतः शिकार करू नये. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप २०२६ पासून वन्य प्राण्यांच्या हल्ल्यामुळे होणारे नुकसान अतिरिक्त संरक्षणात घेण्याचे केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावयाची आहे. विमा अधिसूचित पिकांनाच लागू होतो. म्हणून आपले पीक व मंडळ त्यात आहे का, हे कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याकडून पेरणीपूर्वीच विचारून घ्यावे.

वर्षाचे कामाचे वेळापत्रक

मे : कुंपणाची दुरुस्ती, खांब बदलणे, बांधावरील बिळे खणून बुजवणे.
जून ते सप्टेंबर : सायंकाळी गोगलगायी वेचणे, तारेखालचे गवत काढणे, वेल मांडवावर चढवणे.
ऑक्टोबर : भात कापणीपूर्वी शेजाऱ्यांची बैठक, राखणीच्या पाळ्या ठरवणे.
नोव्हेंबर : सामुदायिक उंदीर मोहीम, मागाची पट्टी, सात रात्रींची नोंद.
डिसेंबर ते फेब्रुवारी : वाल व मिरचीवर जाळी किंवा फिती, रोजची तोडणी.
मार्च ते मे : कलिंगड व काकडीची राखण, पाण्याच्या टाक्या झाकणे.

ज्यांच्या मळ्यात यंदा नुकसान झाले आहे, त्यांनी नवीन जाळी विकत घेण्यापूर्वी आज संध्याकाळीच मागाची पट्टी सपाट करावी. आठवड्याने वही उघडून पाहिल्यावर कोणता उपाय, कोणत्या बाजूला आणि किती खर्चात करावा हे आपोआप ठरेल.